समितीच्या जीपगाडीची ओढ कां गेली व ती कशानें परत आली

गेल्या उन्हाळ्याच्या जमाखर्चांत ‘वाहनदुरुस्ती’ या सदराखालीं रु. 10,200 व त्याच्या लगेच खालीं ‘भाड्याचें वाहन’ या सदराखालीं रु. 12,500 अशा दोन रकमा दाखविल्या आहेत. तो वाचून कित्येक दात्यांनीं आम्हांस विचारिलें कीं, आम्हीं जें द्रव्य दिलें तें तहानलेल्या वाड्यांसाठीं दिलें, लोखंडासाठीं नव्हे. मग एका जुन्या गाडीपायीं रु. 22,700 कां जावे? प्रश्न रास्त आहे, व ज्यानें पैसा दिला त्यास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पावत्या दाखवून याचें उत्तर होत नाहीं. पावतीवरून पैसा कोठें गेला तें कळतें, कां गेला तें कळत नाहीं. सबब सर्व हकीकत येथें विस्तारानें देत आहों. तींत आमच्या हातून झालेली चूकहि आहे. ती वगळिली असती तर हकीकत आंखूड झाली असती, पण खरी झाली नसती.

कोकणांत दुष्काळ असतो हेंच पुष्कळांस पटत नाहीं. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे 1981 सालापूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत, वर्षाकाठीं 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यांतील शेतकऱ्यानें हा आंकडा ऐकला तर तो आमचें विनंतिपत्र हंसून बाजूस ठेवील. परंतु हा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उभ्या उतारावरून ओढ्यांत व ओढ्यांतून खाडींत जातो, आणि खालचा काळा कातळ त्याचा फारच थोडा भाग पोटांत ठेवितो. पेण तालुक्याच्या खारेपाटांत, वाशी, शिर्की, वढाव या बाजूस, जमिनींतील पाणीच खारट आहे. त्याच तालुक्यांत भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचें धरण उभें असून त्याचें पाणी नळांनीं नवी मुंबईकडे जातें. रोहा तालुक्यांत कुंडलिका नदी वैशाखांतहि वाहते, कारण मुळशीच्या धरणाचें पाणी भिऱ्याच्या वीजगृहांतून उतरून तिला मिळतें. पण नदी खोऱ्यांत आणि कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या डोंगराच्या सोंडेवर. तेथील बायांना पाणी दिसतें, मिळत नाहीं.

खारेपाटांतील रस्ते सपाट आहेत; तेथें मोठा टँकर पोंचतो. डोंगरवाडीचा रस्ता म्हणजे मुरुमाची चढण, मध्यें एक कोरडा ओढा व त्यांतील सुटे धोंडे. तेथें चारहि चाकांस ओढ असलेली, लोक जिला फोर बाय फोर म्हणतात ती गाडीच चढते. आमची गाडी त्या जातीची आहे. ती जुनी डिझेल जीप असून दोन लाखांहून अधिक किलोमीटर चाललेली आहे व मागें 500 लिटरची टाकी बसविलेली आहे. पाण्याचें ओझें लिटरास एक किलो, म्हणजे टाकी भरली कीं अर्धा टन वजन वर न्यावयाचें. आपत्तीच्या प्रसंगीं माणशी दररोज किमान 15 लिटर पाणी धरावें असा जगांतील मदतकार्याचा संकेत आहे. त्या हिशेबानें आमच्या रोहा तालुक्यांतील सर्वांत उंच वाडीच्या सुमारें 130 माणसांस दररोज चार फेऱ्या लागतात. एका फेरीस दीड तास धरिला तर सहा तास झाले. यांत कोठेंहि ढिलाईस जागा नाहीं, व गाडीची ओढ कमी होणें ही आमच्या दृष्टीनें केवळ गैरसोय कां नव्हे, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

पहिली शंका वैशाखाच्या आरंभीं आली. पेणेहून धान्याचीं पोतीं घेऊन गाडी महामार्गानें नागोठण्यापुढें निघाली. वडखळ ते नागोठणें सपाटीवर ती सुरळीत चालली. सुकेळीच्या खिंडींत चढ लागतांच अर्ध्या मिनिटांत वेग पडूं लागला, दुसरा गिअर टाकावा लागला, मग पहिला. खिंड ओलांडून गाडी क्षणभर उभी केली, तों पुन्हां जणूं कांहीं झालेंच नाहीं! आमचे गाडी चालविणारे स्वयंसेवक म्हणाले, “पिकअप गेलें.” दोन दिवसांनीं वाडीच्या चढणीवर भरलेल्या टाकीसह ती अर्ध्यावर थांबली. टाकी निम्मी ओतून दिली तेव्हां वर चढली. निम्मी टाकी म्हणजे चारांच्या आठ फेऱ्या व सहांचे बारा तास. वाडीसमोर भर उन्हांत अडीचशें लिटर पाणी मुरुमांत ओतलें गेलें त्या वेळीं पहाणाऱ्यांपैकीं कोणी एक अक्षर बोललें नाहीं. आम्हांसहि कांहीं बोलवलें नाहीं.

ज्या कारखान्यांत गाडी प्रथम नेली त्याचें नांव आम्ही देत नाहीं. तेथें सकाळीं थंड इंजिन चालू करून पाहिलें, मागून थोडा पांढरा धूर आला, व निदान झालें कीं ‘इंजिन बसलें’. बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचें काम मिळून रु. 85,000 चा अंदाज लिहून मिळाला, शिवाय बारा दिवसांची मुदत. दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीविषयीं असें म्हणणें अगदींच अवास्तव नव्हतें, व त्या गृहस्थांचा हेतु वाईट होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चढावर अर्धें मिनिट ओढून मग दमणारी व क्षणभर विसांव्यानें पुन्हां ताजी होणारी गाडी, हें लक्षण त्यांनीं विचारलेंच नव्हतें आणि आम्हींहि सांगितलें नव्हतें. समितीच्या सभेंत दोन सभासद तात्काळ काम सोंपवावें या मताचे होते. एका सभासदाने दुसरें मत घेण्याचा आग्रह धरिला, तो आम्हीं कांहींशा नाखुशीनेंच मान्य केला.

दुसरें मत रोह्याकडील एका वृद्ध मिस्त्रींनीं दिलें. त्यांनीं गाडीस हात लावण्यापूर्वीं पाव तास केवळ प्रश्न विचारिले. ओढ थंड असतां जाते कीं तापल्यावर? रिकाम्या गाडीची जाते कीं भरलेल्या? वेग पडतो तेव्हां इंजिनाचा आवाजहि पडतो, कीं आवाज चढतो व गाडी मात्र जागची हलत नाहीं? ओढतांना धूर कोणत्या रंगाचा? हे प्रश्न कां महत्त्वाचे तें कळण्यास डिझेल इंजिनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे.

रुडोल्फ डीझेल या जर्मन शास्त्रज्ञाचें हें इंजिन 1897 सालीं प्रथम यशस्वी रीतीनें चाललें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगीनें पेट घेतला जातो. याच्यांत ठिणगी नाहीं. नळकांड्यांत शिरलेली हवा दाबून तिचें आकारमान सुमारें विसाव्या हिश्श्यावर आणिलें जातें, तेणेंकरून तिची उष्णता 500 अंशांच्या वर जाते, व नेमक्या त्या क्षणीं इंजेक्टरमधून धुक्यासारख्या बारीक फवाऱ्यानें सोडिलेलें डिझेल आपोआप पेटतें. म्हणजे इंजिनास तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेसा दाब व योग्य वेळीं योग्य मापाचें बारीक झालेलें डिझेल. चौथी गोष्ट इंजिनाबाहेरची. उत्पन्न झालेली ओढ चाकांपर्यंत पोंचली पाहिजे, वाटेंत कोणी ती खातां कामा नये.

धुराचा रंग या चारांपैकीं काय बिघडलें तें पुष्कळ अंशीं सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी, बहुधा हवेचा फिल्टर धुळीनें कोंदलेला. टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोपुढची नळी फुटलेली वा तिची क्लिप सुटलेली. निळा धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे, अर्थात् रिंगा किंवा वाल्व झिजले. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट पेटत नाहीं. फवारा खराब असेल, दाब कमी असेल वा पंपाची वेळ चुकली असेल. आणि आवाज चढून गाडी न हालणें म्हणजे क्लचप्लेट घसरत आहे, त्यांत इंजिनाचा कांहींच दोष नाहीं. आमची गाडी चढावर दमतांना धूर जवळजवळ सोडीतच नसे. मिस्त्रींनीं तें ऐकून म्हटलें, “साहेब, गाडी म्हातारी झाली खरी, पण हें दुखणें म्हातारपणाचें नाहीं. ती उपाशी आहे.” इंजिनाचा दाबच गेला असता तर दम विसांव्यानें परत आला नसता. ज्याला डिझेलच पोंचत नाहीं तें इंजिन धूर तरी कशाचा सोडणार? सपाटीवर लागणारें थोडें डिझेल कोंदलेल्या वाटेनेंहि येतें; चढावर गरज कितीतरी पटींनीं वाढते, तेव्हां फिल्टरांत साठलेलें संपतें व गाडी दमते; थांबलें कीं हळूहळू पुन्हां साठतें.

याची खात्री करण्याचा जो प्रयोग त्यांनीं केला त्यास एक रुपयाहि लागला नाहीं. आमच्या वाचकांत जुन्या गाड्या बाळगणारे अनेक असतील, सबब तो नीट सांगतों. पांच लिटरचा स्वच्छ कॅन घेऊन त्यांत गाळलेलें डिझेल भरिलें. टाकीकडून येणारी नळी सोडून तिचें तोंड बंद केलें, व नवी पारदर्शक नळी कॅनमध्यें सोडून ती थेट नव्या फिल्टरास जोडली. कॅन इंजिनाहून उंच, पण तापणाऱ्या भागापासून दूर घट्ट बांधिला. मग हातपंपानें नळींतील हवा काढून, दुसरा मनुष्य कॅनवर लक्ष ठेवण्यास बसवून, भरलेली गाडी त्याच चढावर नेली. ती न थांबतां वर गेली. म्हणजे पंप, इंजेक्टर, पिस्टन हे सारे निदान काम भागेल इतके ठीक. दोष त्यांच्या अलीकडे, टाकी व फिल्टर यांच्या दरम्यान. एका चढणीनें रु. 85,000 चा प्रश्न निकालांत निघाला.

नंतर कॅन काढून तीच पारदर्शक नळी टाकीकडच्या वाटेवर जोडली, तों तींत बारीक बुडबुडे वहातांना दिसूं लागले. जुन्या रबरी नळीस चीर व जोडावरचा तांब्याचा वायसर चेपलेला. तेथून डिझेल बाहेर गळत नसे, पण पंप ओढी तेव्हां हवा आंत शिरे. गाडीवाले यास ‘एअर धरणें’ म्हणतात. टाकी उतरविली तेव्हां मात्र आम्हांस खालीं पहावें लागलें. तिच्या तळाशीं दोनतीन लिटर पाणी, गंज, व पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारा शेवाळासारखा लिबलिबीत गाळ होता; आंतील जाळी त्यानें लिंपून गेली होती. उन्हाळा संपला कीं आम्ही गाडी छपराखालीं उभी करीत असूं व टाकी निम्मी रिकामी ठेवीत असूं, ‘उगीच डिझेलमध्यें पैसा कां अडकवावा’ या काटकसरीनें. कोकणच्या पावसाळ्यांतील दमट हवा त्या रिकाम्या जागेंत शिरून रात्रीं थंड पत्र्यावर तिचें पाणी होई व तळाशीं बसे. शिवाय घाईच्या दिवसांत आम्हीं पिंपांतील डिझेल न गाळतां ओतलें होतें. फिल्टराखालीं पाणी वेगळें करणारी वाटी असते, तिचा नळ आठवड्यास एकदां सोडावा इतकें साधें काम. तें गेल्या दोन उन्हाळ्यांत कोणींच केलें नव्हतें.

अन्नपाण्याच्या वाटेचें असें निघाल्यावर उरलेली चौथी गोष्ट तपासली. मिस्त्रींनीं गाडी दोन मैल चालवून उतरल्याबरोबर चारहि चाकांच्या मध्यभागाजवळ हात धरिला. पुढचें डावें चाक चटका बसण्याइतकें तापलेलें होतें. जॅकवर उचलून फिरविलें तर तें दोन्ही हातांनीं जेमतेम फिरे. ब्रेकचा दट्ट्या गंजून अडकला होता, अर्थात् गाडी थोडा ब्रेक दाबूनच डोंगर चढत होती. याच जोडीस एक दोष चालविणाऱ्यांचा. या जातीच्या गाडींत पुढची व मागची ओढ एकत्र जोडली कीं दोन्ही आंस एकाच गतीनें फिरतात, परंतु वळणावर पुढच्या चाकांस मागच्यांहून लांब वाट चालावी लागते. मुरुमांत किंवा चिखलांत चाकें थोडीं घसरून तो फरक भागतो; डांबरावर भागत नाहीं, आंतल्या आंत ताण बसतो, गाडी जड होते व दांडा निघतां निघत नाहीं. आमचे तरुण स्वयंसेवक वाडीवरून उतरल्यावर दांडा तसाच ठेवून डांबरी रस्त्यानें पाण्यापर्यंत येत, कारण पुन्हां टाकण्याचा कंटाळा. चार टायरांपैकीं दोन नवे व दोन गुळगुळीत असले तरी हाच ताण बसतो. सुदैवानें गिअर शाबूत राहिले.

आतां पैशाचा हिशेब. टाकी उतरवून धुणें व बसविणें यास रु. 1,800, डिझेलचे दोन फिल्टर रु. 900, नळ्या, क्लिपा व वायसर रु. 650, हवेचा फिल्टर रु. 550, ब्रेक सोडविणें, सील व ब्रेकचें तेल रु. 1,900. इतक्यानेंच गाडी पूर्ववत् ओढूं लागली होती. सकाळच्या पांढऱ्या धुरासाठीं चारहि इंजेक्टर पंपाच्या दुकानीं यंत्रावर तपासून घेतले. दोहोंचा फवारा न होतां धार पडत होती, त्यांचीं नोझलें बदलण्यासह रु. 4,400 पडले. ही शेवटची रक्कम त्या आठवड्यांत टाळतां आली असती असें म्हणणाऱ्या सभासदांचें म्हणणें आम्हांस अंशतः मान्य आहे. तथापि धारेनें पडणारें डिझेल पिस्टनचा माथा जाळतें, व तो खर्च दहा पटींचा असतो. याच वेळीं दाबहि मोजला. चार नळकांड्यांपैकीं तीन ठीक आहेत, चौथ्यांत दाब कमी भरला. म्हणजे पहिल्या कारखान्याचें निदान सर्वस्वीं खोटें नव्हतें; जो रोग दोनतीन वर्षांनीं गांठणार तो त्यांनीं आजच्या दुखण्याचें कारण म्हणून सांगितला. इंजिनाचें तेल किती खर्च होतें याची नोंद आतां दर आठवड्यास ठेविली जाते. ती वाढूं लागली म्हणजे मोठ्या कामाची वेळ आली असें समजावयाचें.

वाचकांनीं हें पहावें कीं दुरुस्तीहून पांच दिवसांच्या भाड्याचा आंकडाच मोठा आहे. दिवसास रु. 2,500 प्रमाणें भाड्याची पिकअप आणिली, आणि तीहि फक्त मागच्या दोन चाकांची ओढ असलेली, त्यामुळें ओढ्याअलीकडे थांबे. तेथून सुमारें दीड किलोमीटरची चढण बाया डोक्यावर हंडे घेऊन चढल्या. वाडींतील बहुतेक कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाऊन नुकतीं परतलेलीं. पावसापूर्वीं चार दिवस मजुरी मिळते ती या पांच दिवसांत कित्येकींची बुडाली. हा तोटा आमच्या जमाखर्चांत कोठेंच दिसत नाहीं.

नवी गाडी कां घेत नाहीं, असेंहि विचारण्यांत आलें. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते व पुढें तपासणी होऊन ती 5-5 वर्षांसाठीं नवी करतां येते. आमच्या गाडीची ती तपासणी पार पडलेली आहे. दिल्लीकडील जुन्या डिझेल गाड्यांचे कडक नियम येथें लागू नाहींत. 1 एप्रिल 2020 पासून मिळणारें, गंधक अत्यल्प असलेलें डिझेल जुन्या पंपांस मारक आहे असा एक समज आहे, पण पंपास लागणारी वंगणशक्ति त्या डिझेलमध्यें कारखान्यांतच मिसळलेली असते. फोर बाय फोर नव्या गाडीची किंमत मात्र समितीच्या दोन उन्हाळ्यांच्या एकंदर खर्चाहून अधिक होते, आणि नव्या इंजिनांतील विजेचीं यंत्रें बिघडलीं तर तीं कॅन व पारदर्शक नळी घेऊन ओढ्याकाठीं दुरुस्त होणारीं नव्हत. तूर्त जुनीच गाडी राखावी असा ठराव एकमतानें झाला. पावसाळ्यांत तिची टाकी कांठोकांठ भरून ठेवावी, पंधरवड्यास एकदां ती अर्धा तास चालवावी, व वाटीचा नळ सोडण्याचें काम एका नांवानिशीं सभासदाकडे असावें, हेंहि त्याच ठरावांत आहे.

यापुढें आमची मागणी गाडीसाठीं नाहीं. गाडी पुन्हां केव्हां तरी थांबेल हें गृहीत धरून वर वाडीवरच 2,000 लिटरची साठवणीची टाकी बसविण्याचें योजिलें आहे, म्हणजे बिघाडाचा पहिला दिवस तरी कोणाच्या डोक्यावर येणार नाहीं. टाकी, ओटा व नळ मिळून सुमारें रु. 14,000 लागतील; ओट्याचे दगड व श्रम वाडीकर देणार आहेत. ज्या दात्यांस आपली देणगी लोखंडांत जावी असें वाटत नाहीं त्यांनीं ती या टाकीच्या नांवें नोंदवावी. पावती तशीच दिली जाईल. टाकी माघांतच वर गेली पाहिजे. चैत्रापासून गाडी दररोज भरलेली जाते, आणि पाणी व रिकामी टाकी हीं दोन्ही एका फेरींत तिच्यांत मावत नाहींत.